तेरा काड्यांचा निग्रह

शेवटी जिल्ह्याचा पहिला निग्रहवीर पुरस्कार भैरू चौगुले यांना मिळाला. तो घ्यायला ते मंचावर चढले तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात बिडीचं अख्खं बंडल होतं. प्रमुख पाहुण्यांनी ते बघितलं आणि आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

हे वाचलं असेल तर विसरून जा. असं काही झालेलं नाही. भैरू चौगुले हे गडहिंग्लजजवळच्या शेंदरवाडीचे साधे गवंडी आहेत, पुरस्कारबिरस्काराशी त्यांचा काही संबंध नाही, आणि ही गोष्ट मुळात त्यांच्या मुलाची आहे. मुलाचं नाव सत्यजित. वय सव्वीस. व्यवसाय, सिगारेट न ओढणे.

आता यात पोट भरतं का, असं कोणी विचारेल. भरतं. सत्यजित व्यसनमुक्ती अभियानाचा जिल्हा वक्ता होता. सहा वर्षांत तीनशे बारा शाळा त्यानं केल्या होत्या. भाषण एकच, फक्त शाळेचं नाव बदलायचं. सतराव्या वर्षी कॉलेजच्या जिमखान्यामागे मित्रानं त्याच्या ओठात सिगारेट दिली, त्यानं एक झुरका घेतला, आणि ती सिगारेट डोळ्यांसमोर धरून तो म्हणाला, "तू मला हरवू शकत नाहीस." इथं टाळ्या पडायच्या.

प्रत्यक्षात तो त्या वेळी "ऑक" असं म्हणाला होता, आणि जे काही झालं ते त्याच्याच शर्टावर झालं होतं. पण ऑक या शब्दावर भाषण उभं राहत नाही.

टाळ्या थांबल्या की दुसरा भाग. आवाज खाली आणून तो म्हणायचा, "मुलांनो, मी जिंकलो. पण माझे वडील हरले." मग भैरूंची बिडी यायची. ते घरामागच्या परड्यात बसून बिडी ओढायचे आणि काड्या तिथंच टाकायचे. सत्यजितनं एकदा त्या मोजल्या होत्या. "दिवसाला तेरा काड्या! म्हणजे तेरा बिड्या! शेतकरी काड्या जाळतो तो चूल पेटवायला, माझे वडील स्वतःला पेटवतात." गावच्याच शाळेत भाषण झालं तेव्हा त्यानं खिडकीतून कंपाउंडची भिंत दाखवली होती. ती भैरूंनीच बांधलेली, आणि मधोमध चांगली वीतभर वाकडी. "व्यसनानं हात कसा कापतो, याचा हा पुरावा." पोरं भिंतीकडे बघून घाबरली होती. भिंतीला टेकून बसायचं त्यांनी त्या दिवसापासून सोडलं.

आणि मग मशीन आलं.

त्यामागचं विज्ञान फार अवघड नाही. मेंदूच्या आत खोलवर डाळीच्या दाण्यासारखा एक भाग असतो, त्याला हॅबेन्यूला म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटा लगाम. तंबाखूतलं निकोटिन मेंदूत पोचलं की एक यंत्रणा म्हणते, "वा, आणखी आण." त्याच वेळी हा लगाम म्हणतो, "विष आहे, बास." दोघांत कोणाचा आवाज मोठा, ते पेशींवरचे निकोटिन पकडणारे रेणू कसे घडलेत यावर बरंचसं ठरतं, आणि ती घडण आईबापांकडून येते. काहींचा लगाम पहिल्याच झुरक्याला असा खेचला जातो की घाम फुटतो, पोट ढवळतं, आणि माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. काहींचा लगाम नुसता लोंबत असतो. त्यात यकृताचीही भानगड. कोणाचं यकृत निकोटिन झपाट्यानं साफ करतं, म्हणून तासाभरात पुढची बिडी आठवते. कोणाचं सरकारी कचेरीसारखं, आलेलं निकोटिन दिवसभर बसवून ठेवतं.

हे सगळं शास्त्रज्ञांना आधीपासून तुकड्यातुकड्यानं ठाऊक होतं. मशीननं फक्त बेरीज केली. डोक्यावर टोपी, नाकाशी निकोटिनचा नगण्य फवारा, नळीत थोडी थुंकी, आणि अकरा मिनिटांत एक आकडा. या देहाला मोकळं सोडलं असतं तर त्यानं रोज किती ओढल्या असत्या, तो आकडा. त्यातून माणूस खरोखर किती ओढतो तो वजा करायचा. उरतो तो निग्रहांक.

आकडा सापडल्यावर तो लावायला जागा शोधणं ओघानं आलंच. वर्षभरात लग्नाच्या बायोडाटात रक्तगटाखाली निग्रहांक येऊ लागला. आजऱ्याच्या एका बस कंडक्टरचा मशीनी आकडा साठ होता आणि तो रोज वीस ओढायचा, त्याची हत्तीवरून मिरवणूक निघाली. शेजारच्या तालुक्यात एक अख्खं व्यसनमुक्त गाव तपासलं, तर गावाचा सरासरी निग्रहांक शून्य पूर्णांक चार निघाला. त्यांचा फलक काढून नेला. "फुप्फुसाला निग्रहांक कळत नाही, वीस म्हणजे वीसच," असं डॉक्टर मंडळी जीव तोडून सांगत होती, पण त्यांच्याकडे हत्ती नव्हता.

मग अभियानाचं परिपत्रक निघालं. वक्त्याचा निग्रहांक किमान दहा हवा, नाहीतर करार संपला. आणि भाषणात जिवंत माणसाचं उदाहरण दिलं असेल, तर त्या उदाहरणाचीही तपासणी करून घ्यावी.

सत्यजितला स्वतःची काळजी नव्हती. त्याला वाटत होतं, तीनशे बारा शाळांत जिंकलेला माणूस आहे, तीसचाळीस तरी येईलच. काळजी उदाहरणाची होती. उदाहरण कामावर गेलं होतं.

हल्ली घरंही छापणारं वेगळं मशीन असायचं, पण कोपरा आला की ते अडखळायचं. म्हणून कोपऱ्यांपुरते गवंडी लागत. भैरू परांचीवर बसले होते, हातात बिडी. मुकादम म्हणजे आता खांबावरचा कॅमेरा. मोकळा बसलेला माणूस दिसला की तो नाव घेऊन ओरडायचा. पण त्याला शिकवताना जुन्या मुकादमांचं पंधरा वर्षांचं चित्रण दाखवलेलं होतं, आणि बांधकामावरचा जुना कायदा त्यातून त्यानं आपोआप उचलला होता. पेटलेली बिडी हातात असलेल्या माणसाला हाक मारायची नाही. न ओढणाऱ्याला पाणी प्यायलाही वेळ मिळायचा नाही, ओढणाऱ्याला बिडीभर विसावा मिळायचा.

"आबा, उद्या तालुक्याला यायचंय. तपासणी आहे."

"कुणाची?"

"दोघांचीही."

"मला काय झालंय?"

"तुम्हाला काही झालेलं नाही. तुम्ही माझ्या भाषणात आहात."

भैरूंनी बिडीकडं बघितलं. ती विझली होती. त्यांनी काडी ओढून ती परत पेटवली.

"व्हय, ते कळलंय," ते म्हणाले. "शाळेतली पोरं मला बघून पळत्यात."

"तसं नाही आबा. ते प्रबोधन आहे."

"असंल. येतो की. टोपी घालून येऊ का तसाच?"

"टोपी तेच घालतात."

"मग बरं झालं. माझी फाटलीया."

दुसऱ्या दिवशी आक्काताई, म्हणजे सत्यजितची आई, तीही बरोबर निघाली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. दोघं बापलेक एका गाडीवर कधी बसत नाहीत, मध्ये कोणीतरी लागतं, असं तिचं म्हणणं होतं. तपासणी केंद्रात डॉ. फरजाना मुल्लाणी होत्या. चेहरा शांत, आवाज त्याहून शांत. वाईट बातमी आणि चहाला नकार त्या एकाच सुरात देत.

आधी सत्यजित बसला. टोपी, फवारा, थुंकी. फवारा नाकाशी आला तसा त्याचा चेहरा पोपटी झाला आणि कपाळावर घाम आला. अकरा मिनिटांनी डॉक्टरांनी कागद काढला.

"अपेक्षित, शून्य. प्रत्यक्ष, शून्य. निग्रहांक, शून्य."

"परत बघा ना मॅडम. मी एक झुरका घेऊन सोडलीय. स्वतः."

"बघितलं. तुमचा लगाम जिल्ह्यातला सगळ्यात कडक आहे. एकदा ओढून परत न गेलेली बरीच मुलं अशीच असतात. सगळी नाही. कोणाला मित्र वेगळे मिळतात, कोणाला आईची भीती असते, कोणी खरोखर ठरवून थांबतं. तुम्ही त्यातले नाही."

"मग मी केलं काय?"

"कारलं आवडत नव्हतं, ते तुम्ही खाल्लं नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तीनशे बारा शाळांत जाऊन सांगितलंत."

आक्काताईनं मान डोलावली. "लगाम माझ्याकडनं आलाय. आमच्या माहेरात कोण तंबाकूच्या वाऱ्याला उभं ऱ्हात न्हाई. माझ्या भावाला जर्द्याच्या वासानं एस्टीत चक्कर आल्याली."

सत्यजित खुर्चीवरून उठला नाही. करार संपला हे त्याला कळलं होतं. पण त्यातही त्याच्या मनात एक हिशेबी आशा होती. उदाहरण शाबूत आहे. आपण जिंकलो नसू, पण आबा हरलेत हे तर खरं आहे. भाषणाचा निदान अर्धा भाग वाचला.

मग भैरू बसले. प्रत्यक्ष किती ओढता, हे तोंडी विचारत नसत, कारण लोक तोंडी कमी सांगतात. पायाच्या अंगठ्याचं नख घेत. नख हळूहळू वाढतं, त्यामुळे गेल्या वर्षभरात शरीरात किती निकोटिन फिरलं ते त्यात साठून राहतं. भैरूंचं नख कापायला वेळ लागला. त्यातनं आधी सिमेंट काढावं लागलं.

पहिला कागद आला. अपेक्षित, चव्वेचाळीस.

"चव्वेचाळीस काय?" भैरूंनी विचारलं.

"बिड्या. रोजच्या. तुमचा लगाम जवळजवळ नाहीच, आणि यकृत फार तडफदार."

"व्हय व्हय," भैरू म्हणाले, जणू कोणी ओळखीच्या माणसाचं नाव काढलं. "पयल्यांदा तेवढ्याच हुत्या."

दुसरा कागद यायला अर्धा तास लागला. डॉक्टरांनी तो वाचला, परत मशीनशी जाऊन आल्या, दुसऱ्या पायाचं नख मागून घेतलं. पुन्हा अर्धा तास. मग सत्यजितकडे बघून त्या म्हणाल्या, "तुमच्या भाषणात हे किती ओढतात?"

"तेरा. मी काड्या मोजल्यात."

"यांच्या नखात एका बिडीचंही निकोटिन नाही. शेजारच्याच्या धुरानं येतं, तेवढं आहे."

डॉक्टर भैरूंकडे वळल्या.

"चौगुले काका, तुम्ही ओढता की नाही?"

"पेटवतो," भैरू म्हणाले. "पेटवण्यापुरतं तोंडातल्या तोंडात. आत घेत न्हाई."

"आणि तेरा काड्या?" सत्यजितनं विचारलं.

"आरं, बिडी सिगरेटीवानी आपली आपण जळत न्हाई. ओढली न्हाई की इझती. मग परत पेटवायची. एका बिडीला चार चार काड्या लागत्यात. ओढणाऱ्याला एक काडी बास हुती."

सत्यजितनं सहा वर्षं ज्या काड्या पुरावा म्हणून दाखवल्या, त्या वडील बिडी ओढत नाहीत याचाच पुरावा होत्या. जितक्या काड्या जास्त, तितकं ओढणं कमी. त्याच्या पिढीनं बिडी कधी जवळून बघितलीच नव्हती. सिगारेटचा हिशेब त्यानं बिडीला लावला होता.

"कामावर मुकादमासाठी पेटवता, ते समजलं," तो म्हणाला. "पण परड्यात कशाला? परड्यात कुठं मुकादम आहे?"

भैरूंनी पायात चपला चढवल्या. आक्काताई पदराशी चाळा करत बसली. डॉक्टरांनी मशीन पुसायला घेतलं, जे पुसलेलंच होतं.

उत्तर मिळालं ते केंद्राबाहेरच्या चहाच्या गाड्यावर, आणि तेही आक्काताईकडून.

"तुझ्या त्या शर्टाचा वास आलता यांस्नी," ती म्हणाली. "तू कालेजातनं आलास, शर्ट मोरीत टाकलास. हे हात धुवाय गेलं नि शर्ट घिऊन भाईर आलं. म्हणलं, आपल्या घरातली आग पोराच्या तोंडाला लागली. त्या दिवशी सोडली."

"नऊ वर्षांपूर्वी?"

"न्हाईतर काय. चार म्हैनं माणूस जाग्यावर नव्हता. झोप न्हाई, जेवाण न्हाई. आंगाला कापरं. त्यातच शाळंच्या कंपाउंडचं काम घेतल्यालं. भित सरळ हाय का बघाय वळंबा सोडायचा तर हातातली दोरीच हालाय लागायची."

वाकडी भिंत सत्यजितच्या डोळ्यांसमोर आली. ती बिडीनं वाकडी झाली नव्हती. ती बिडी सोडल्यानं वाकडी झाली होती.

"मग सांगितलं का नाही मला?"

"सांगणारच हुतो," भैरू चहाच्या ग्लासात बघत म्हणाले. "पण मन खात्री देईना. परत लागली तर? म्हणलं, तीन वर्षं जाऊ देत. तीन वर्षं झाली नि तुला ही नोकरी लागली. तुझ्या भाषणात मी ओढत हुतो. आता मी सोडलीया म्हणलो असतो तर तू खोटा पडला असतास. पयलीच नोकरी. मग परड्यात बसून पेटवाय लागलो, सगळ्यांस्नी दिसंल अशी."

"सहा वर्षं?"

"तुझा करार दर वरसाला वाढतोय म्हणलास. मी काय करू?"

"हातात पेटलेली असायची, आणि ओढायची नाही? चव्वेचाळीसचा माणूस?"

"सुरवातीला जरा जड गेलं," भैरू म्हणाले. आणि मग गाडेवाल्याला, "साखर कमी टाक म्हणलं हुतं न्हवं?"

त्यानंतर पुरस्काराची भानगड झाली, जी झालेलीच नाही असं आपलं ठरलंय. निग्रहांक चव्वेचाळीस, आणि तोही बिडी रोज हातात धरून. असा आकडा जिल्ह्यात दुसरा नव्हता. अभियानाचे विस्तार अधिकारी कुरणे स्वतः घरी आले. सत्यजितच्या जागी भैरूंची नेमणूक झाली. सत्यजितनं आपणहून वडिलांच्या मोबाईलवर भाषणाच्या वेळांचे गजर लावून दिले.

भैरूंचं पहिलं भाषण गावच्याच शाळेत झालं. सत्यजित मागच्या बाकावर बसला होता. भैरू म्हणाले, "पोरांनू, ओढू नका. लागली तर सुटती, पण लई तरास हुतो. कुणाला काय इचारायचं हाय?"

एवढंच. पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "पण सर सांगून गेले होते, तुम्ही हरलात म्हणून."

सत्यजितच्या कानशिलावर घाम आला. या वेळी फवारा नव्हता.

"तवा सरांस्नी ठावं नव्हतं," भैरू म्हणाले. "बस खाली."

ती बसली, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही. सरांनी काड्या मोजलेल्या होत्या. हा म्हातारा नुसता बोलत होता. सुटल्यावर सत्यजितनं बघितलं, पोरं भैरूंच्या पाया पडली आणि मग भिंतीपासून हातभर अंतर ठेवून रांगेत बाहेर गेली.

कामावरही गडबड झाली होती. पुरस्काराची बातमी मुकादम कॅमेऱ्यानं वाचली. आता भैरूंच्या हातात बिडी दिसली तरी तो नाव घेऊन ओरडायचा. चाळीस वर्षांचा विसावा गेला. "चालायचंच," ते म्हणाले, पण संध्याकाळी गुडघे चोळत बसायचे.

भाषणाच्या दुसऱ्या दिवशी सत्यजित कुरण्यांच्या कचेरीत गेला होता.

"साहेब, मला शाळांमध्ये परत जाऊन एक वाक्य दुरुस्त करायचंय."

"तुमचा करार संपलाय."

"बिनपगारी जातो."

"मानधनाचा प्रश्न नाही हो. जनजागृती मागे घ्यायची आपल्याकडे तरतूदच नाही. झालेली जागृती झालेली असते."

"पण ती खोटी होती."

"परिणामकारक होती," कुरणे म्हणाले. "अहवालात आहे. तुमचे वडील हरल्याचं ऐकून सातशे अकरा विद्यार्थ्यांनी शपथ घेतलीय. आता ते जिंकले म्हटलं तर त्या शपथांचं काय करू? आणि ती पोरं राहिलीत कुठं शाळेत? कोण पुण्याला, कोण बंगळूरला. दोघातिघांची लग्नं झाली."

"मग मी काय करू?"

"अर्ज करा," कुरणे म्हणाले, आणि असं म्हणणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जी निर्मळ शांतता येते ती त्यांच्या चेहऱ्यावर आली.

सत्यजितनं तिथंच बाकावर बसून अर्ज लिहिला. तो दाखल झाला, त्यावर शिक्का बसला, आवक क्रमांक पडला. त्याची प्रत अशी:

प्रति,
मा. जिल्हा समन्वयक, व्यसनमुक्ती अभियान.

विषय: तीनशे बारा शाळांत केलेले एक विधान परत घेण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, अर्जदाराने सहा वर्षांच्या सेवाकाळात "माझे वडील हरले" असे विधान प्रत्येक शाळेत एकदा, व शेंदरवाडीच्या शाळेत आग्रहास्तव दोनदा केले आहे. सदर विधान चुकीचे असल्याचे प्रयोगशाळेच्या दोन्ही पायांच्या अहवालावरून सिद्ध झाले आहे.

सबब विनंती की, सदर भाषण ऐकलेले सर्व विद्यार्थी, ते हल्ली जेथे कोठे असतील तेथून परत बोलावून, आपापल्या शाळेत, आपापल्या बाकावर, शक्यतो त्या वेळी होते तेवढ्याच वयाचे करून, दहा मिनिटांकरिता बसवण्यात यावेत. अर्जदार प्रत्येक ठिकाणी स्वतः उपस्थित राहून योग्य ते वाक्य उच्चारील. अर्जदाराचे वडील त्या वेळी वर्गाबाहेर बसतील, व त्यांना त्या दहा मिनिटांत कोणीही हाक मारू नये, असे संबंधितांना लेखी आदेश व्हावेत.